उपग्रह आणि मशीन लर्निंग वापरून पीएम २.५चा अंदाज : मराठवाड्यासाठी कामाचा क्रम

मराठवाड्याच्या हवेतल्या पीएम २.५चा, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचा, नकाशा करायला बसलेले बहुतेक जण कामाला शेवटाकडून हात घालतात. आधी मशीन लर्निंगची रँडम फॉरेस्ट ही पद्धत घ्यायची की एक्सजीबूस्ट यावर दोन दिवस जातात, मग हाताला लागेल तो डेटा गोळा होतो आणि तपासणी सादरीकरणाच्या आदल्या रात्री उरकली जाते. नकाशा देखणा निघतो, पण त्यावर विश्वास ठेवता येत नाही. अशी बरीच कामं माझ्या नजरेखालून गेली आणि सुरुवातीची दोन माझीच होती. चुका नेहमी त्याच असतात: वेळेची गफलत, ढगाळ दिवसांचा विसर, चार-दोन शहरांवर पोसलेलं मॉडेल आणि सोयीची परीक्षा. म्हणून हा क्रम लिहून ठेवतो. पायथॉनचा सराव आणि क्यूजीआयएसची तोंडओळख आहे असं धरलं आहे.

## तयारी: कोड लिहिण्याआधी कागदावर ठरवायच्या गोष्टी

प्रश्न ठरवा. तुम्हाला रोजचा आकडा हवा आहे, महिन्याची सरासरी हवी आहे की वर्षाची? माझा सल्ला असा की मॉडेल रोजच्या २४ तासांच्या सरासरीवर बांधा आणि प्रसिद्ध मात्र महिन्याचे किंवा हंगामाचे नकाशे करा. रोजच्या अंदाजातली चूक मोठी असते, सरासरीत ती बरीच निवळते.

हद्द ठरवा. अंदाज आठ जिल्ह्यांसाठी काढायचा असला तरी मॉडेलला शिकवायला आठ जिल्हे पुरत नाहीत. हवेतले कण सतत मोजणारी स्टेशनं मोजकी आहेत आणि ती शहरांत आहेत. म्हणून सोलापूर, नाशिक, पुणे, नागपूर, चंद्रपूर, कलबुर्गी, हैदराबाद इथली स्टेशनंही घ्या. मुंबई-ठाणे टाळा; खारे वारे आणि समुद्री मीठ यांचा हिशेब वेगळा असतो, तो बालाघाटाच्या डोंगररांगेवर लागू होत नाही.

ग्रिड ठरवा. १ किलोमीटरचे चौकोन घ्या. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची रीत, यूटीएम झोन ४३ उत्तर ठेवा. किनवट ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला आहे, म्हणजे नियमाने झोन ४४ मध्ये जातं, पण त्या एका कोपऱ्यासाठी दोन झोन करू नका. सगळं ४३ मध्येच बसवा.

आकार मोजा. मराठवाडा सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे साधारण ६५ हजार चौकोन. तीन वर्षांचे दिवस १,०९५. गुणाकार सात कोटींच्या वर जातो. वीस रकाने धरले तर पाच-सहा जीबी नुसते आकडे. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे सोळा दिवसांतच शीट भरते. फायली महिन्यागणिक पार्के या आटोपशीर फाईल-स्वरूपात ठेवा आणि एका वेळी एकच महिना उघडा.

## टप्पा १: जमिनीवरच्या नोंदी स्वच्छ करा

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? मॉडेल जे शिकणार ते स्टेशनच्या आकड्यांवरून, म्हणून निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून सतत मोजणाऱ्या स्टेशनांचा तासाचा डेटा घ्या. हाताने नमुने घेणारी जुनी स्टेशनं आठवड्यातून दोनदा मोजतात आणि त्यांतली बरीचशी पीएम १०, म्हणजे दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण, देतात. ती इथे मिसळू नका. मग हे करा:

१. शून्य आणि ऋण आकडे काढा. यंत्राच्या देखभालीनंतर ते हमखास येतात.
२. ९८५ किंवा ९९९ असे टोकाचे आकडे काढा. ती हवा नसते, यंत्राच्या मोजपट्टीचं टोक असतं.
३. एकच आकडा सलग चार तास दशांशासकट तसाच राहिला असेल तर यंत्र अडकलं आहे. तेवढे तास रिकामे करा.
४. पीएम २.५ हा पीएम १०पेक्षा मोठा दिसला तर दोन्ही काढा. पीएम २.५ हा पीएम १०चाच भाग आहे. भाग पूर्णापेक्षा मोठा असू शकत नाही.
५. दिवसात किमान १६ तास शिल्लक असतील तरच सरासरी काढा.

शेवटचा नियम मी थोडा आणखी कडक करतो. ते १६ तास दिवसभर विखुरलेले हवेत. रात्री वीज जाऊन रात्रीचेच आठ तास गळाले असतील तर हिवाळ्यात सरासरी चांगलीच खाली येते, कारण धूर साचतो तो रात्री आणि पहाटे.

तपासा: प्रत्येक स्टेशनचा वर्षभराचा आलेख काढून डोळ्यांनी बघा. जून ते सप्टेंबर खाली, नोव्हेंबर ते फेब्रुवारी वर, असा आकार दिसायला हवा. मधूनच पायरीसारखा चढ किंवा उतार दिसला तर यंत्र बदललं, हललं किंवा शेजारी बांधकाम सुरू झालं.

सावधान: पोर्टलवरचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाकून पाहा. स्टेशन तीन किलोमीटर सरकलेलं असेल तर पुढचे सगळे टप्पे चुकीच्या चौकोनावर होतील. असं एक स्टेशन मला एका तलावाच्या मधोमध सापडलं होतं.

## टप्पा २: उपग्रहाची एओडी उतरवा

आधी एक गैरसमज दूर करू. उपग्रह पीएम २.५ मोजत नाही. जमिनीपासून वातावरणाच्या वरच्या टोकापर्यंतच्या सगळ्या स्तंभातले कण मिळून प्रकाश किती अडवतात, ते तो सांगतो. त्या मापाला एरोसोल ऑप्टिकल डेप्थ म्हणतात, थोडक्यात एओडी. आपल्याला हवं आहे नाकाशी असलेल्या कोरड्या, बारीक कणांचं वजन. या दोन गोष्टींतलं अंतर भरून काढणं हेच पुढचं काम.

टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरील मोडिस यंत्राच्या नोंदींतून तयार होणारा एमसीडी१९ए२ हा डेटा वापरा. तो रोजचा, १ किलोमीटरचा आणि फुकट आहे. नासाच्या अर्थडेटा खात्यावरून फायली उतरवा किंवा गूगल अर्थ इंजिनमध्येच काम करा.

फायली उतरवत असाल तर इथे एक मराठवाडी फसगत आहे. या डेटाचे तुकडे अक्षांशाच्या दर १० अंशांवर पडतात आणि २० अंश उत्तर ही रेघ आपल्या डोक्यावरून जाते. बहुतेक भाग एच२५व्ही०७ या तुकड्यात येतो, पण कन्नड, सिल्लोड, सोयगाव आणि भोकरदनकडचा पट्टा एच२५व्ही०६ मध्ये. एकच तुकडा घेतला की अजिंठ्याचे डोंगर कोरे राहतात, आणि पुढे रिकाम्या जागा भरणारा कोड ते गुपचूप कुठल्यातरी आकड्यांनी भरून टाकतो. नकाशात काहीच खटकत नाही, म्हणून चूक महिनोन् महिने लपते.

मग क्रमाने:

१. ०.५५ मायक्रोमीटरचा थर घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. ०.४७चा थर मधेच मिसळू नका.
२. रिकाम्या जागेचा संकेत उणे २८६७२ आहे. तो आधी काढा, मग ०.००१ने गुणा. क्रम उलटा झाला तर उणे २८.६७ अशी एओडी सरासरीत शिरते.
३. गुणवत्तेचा थर बिटांमध्ये असतो. ८ ते ११ हे बिट शून्य म्हणजे उत्तम दर्जा. ढगाचा आणि ढगाशेजारचा बिटही तपासा.
४. एका दिवशी अनेक फेऱ्या असतात. टेरा सकाळी साडेदहाच्या सुमारास आणि ॲक्वा दुपारी दीडच्या सुमारास, असं पुस्तकी वेळापत्रक आहे. अलीकडच्या वर्षांत दोघांच्याही वेळा सरकत गेल्या आहेत, त्यामुळे फाईलमध्ये नोंदलेली फेरीची वेळ वाचा.
५. एखाद्या दिवशी दोघांपैकी एकच मिळाला तर त्याचा आकडा सरळ दिवसाची सरासरी म्हणून घेऊ नका. दोन्ही असलेल्या दिवसांवरून महिन्यागणिक संबंध काढा आणि नसलेल्याचा आकडा त्यावरून अंदाजा.

सावधान: फक्त उत्तम दर्जा घेतला की दाट धुराचे आणि धुळीचे काही दिवसही गळतात, कारण गणिताला ते ढग वाटतात. म्हणजे ज्या दिवसांसाठी हा उद्योग चालला आहे तेच जाण्याची भीती. गाळण्याआधी आणि गाळल्यानंतर किती नोंदी उरल्या, ते महिन्यागणिक लिहून ठेवा.

तपासा: नाथसागराच्या काठाचे चौकोन वेगळे काढून बघा. जायकवाडीचं पाणी ओसरलं की किनारा कित्येक मीटर आत जातो, गाळ उघडा पडतो, आणि अर्धं पाणी-अर्धी माती असलेल्या चौकोनात एओडी भलतीच येऊ शकते. पाण्याच्या काठचे एक-दोन चौकोन वगळलेले बरे.

## टप्पा ३: हवामान जोडा आणि घड्याळ जुळवा

स्तंभातल्या एओडीवरून जमिनीवरच्या पीएम २.५पर्यंत पोचवणारे मुख्य दोन दुवे म्हणजे मिसळथराची उंची आणि आर्द्रता.

मिसळथर म्हणजे जमिनीलगतचा तो थर ज्यात धूर-धूळ घुसळली जाते. एप्रिलच्या दुपारी तो दोन-तीन किलोमीटर वर जाऊ शकतो, डिसेंबरच्या पहाटे काहीशे मीटरांवर किंवा त्याहून खाली दबतो. तेवढाच धूर, पण एकदा वाड्याच्या चौकात आणि एकदा माजघरात कोंडलेला. म्हणून सारख्या एओडीला डिसेंबरात पीएम २.५ जास्त आणि एप्रिलात कमी असतो. आर्द्रतेचं असं की दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात. उपग्रहाला फुगलेले कण दिसतात, स्टेशनचं यंत्र मात्र हवा तापवून, कोरडी करून मोजतं.

एरा५ या पुनर्विश्लेषणातून, म्हणजे नोंदी आणि हवामानाचं गणिती मॉडेल जुळवून केलेल्या मागच्या हवामानाच्या डेटातून, तासागणिक तापमान, दवबिंदू, वारा, पाऊस आणि मिसळथराची उंची घ्या. एरा५-लँड जास्त बारीक आहे, सुमारे ९ किलोमीटरचा, पण त्यात मिसळथराची उंची नसते. ती मूळ एरा५मधून, सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकोनांतून घ्यावी लागते.

आता घड्याळ. घोडं इथेच पेंड खातं. एरा५ची वेळ ग्रीनिच प्रमाणवेळेची, स्टेशनची आपली. फरक साडेपाच तासांचा. ग्रीनिच तारखेप्रमाणे सरासरी काढली तर तिचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे साडेपाचला संपतो. मध्यरात्र ते पहाट हे हिवाळ्यातले सर्वांत धुरकट तास आदल्या तारखेला चिकटतात. मॉडेल तरीही चालतं, आकडेही बरे येतात, फक्त थोडे वाईट. चूक ओरडून सांगत नाही.

नियम साधा ठेवा: आपल्या तारखेसाठी आदल्या दिवसाच्या ग्रीनिच १९ वाजल्यापासून त्या दिवसाच्या १८ वाजेपर्यंतचे २४ आकडे. म्हणजे आपले रात्री साडेबारा ते रात्री साडेअकरा. अर्ध्या तासाची चूक उरते, ती चालवून घ्या. उपग्रहाच्या फेरीसाठी सकाळी साडेदहा म्हणजे ग्रीनिच ५ आणि दुपारी दीड म्हणजे ग्रीनिच ८.

आणखी तीन गोष्टी, पटकन:

- तापमान केल्विनमध्ये आणि पाऊस मीटरमध्ये असतो. ०.०१२ म्हणजे १२ मिलिमीटर.
- एरा५-लँडमधला पाऊस दिवसभर साचत जाणारा असतो. २४ तासांची बेरीज केली तर श्रावणसरींचा महापूर होतो. मूळ एरा५मध्ये मात्र त्या त्या तासाचा असतो.
- सापेक्ष आर्द्रता तापमान आणि दवबिंदूवरून तासागणिक काढा, मग सरासरी करा. सरासरी तापमानावरून काढलेली आर्द्रता वेगळी येते.

तपासा: जानेवारीतल्या कोणत्याही दिवसाची तासागणिक मिसळथर-उंची आपल्या वेळेत आखा. टोक दुपारी दोन ते चारच्या दरम्यान यायला हवं. ते सकाळी नऊला आलं तर घड्याळ जुळलेलं नाही.

## टप्पा ४: स्थानिक थर, पण हात आखडून

उंची, रस्त्यांची घनता, बांधीव क्षेत्र, रात्रीचे दिवे, झाडोऱ्याचा निर्देशांक हे थर सगळेच घेतात. आपल्याकडे खरी भर पडते ती हंगामी जाळण्याच्या नोंदीतून: ऊस तुटल्यावर पाचट, कापूस संपल्यावर पऱ्हाट्या, उन्हाळ्यात बांधावरचं गवत.

उपग्रहांवरील व्हिअर्स यंत्राच्या ३७५ मीटरच्या आगीच्या नोंदी नासाच्या फर्म्स या आगींच्या संकेतस्थळावरून घ्या. संग्रहित डेटात आगीच्या प्रकाराचा रकाना असतो. ० म्हणजे झाडोऱ्याची आग असण्याची शक्यता, २ म्हणजे जमिनीवरचा कायमचा उष्ण स्रोत. परळीचं औष्णिक केंद्र किंवा जालन्याच्या पोलाद कारखान्यांसारखे स्रोत आगीच्या ठिपक्यांत आले तर ते पाचट समजून मोजू नका. ताज्या डेटात हा रकाना नसतो, तिथे वर्षभर त्याच जागी उमटणारे ठिपके स्वतः वेगळे काढा.

ठिपके मोजताना त्याच चौकोनातले मोजून उपयोग नाही, धूर वाहतो. मी वारा जिकडून येतो त्या बाजूला २५ किलोमीटरपर्यंतच्या, त्या दिवशीच्या आणि आदल्या दिवशीच्या आगींच्या उष्णतेची बेरीज घेतो.

सावधान: व्हिअर्स दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपास वरून जातो. आपल्याकडे फड बऱ्याचदा संध्याकाळी पेटवतात आणि तासाभरात विझतो. म्हणून शून्य ठिपके म्हणजे आग नव्हती असं होत नाही. गूळ-गुऱ्हाळं आणि लहान वीटभट्ट्याही यात क्वचितच दिसतात.

हात आखडून का म्हटलं, ते टप्पा ७ मध्ये येतं.

## टप्पा ५: रिकाम्या एओडीचं काय करायचं

जुलै-ऑगस्टमध्ये मराठवाड्यावर एओडीच्या नोंदी जवळपास मिळतच नाहीत. ढग. हिवाळ्यातही सलग आठवडा कोरा जातो. इथे लोक दोन टोकं गाठतात: कोणी रिकामे दिवस सरळ वगळतो, कोणी शेजारचे आकडे ओढून भरतो.

वगळलं तर सरासरी फसते, कारण ढगाळ दिवस आणि स्वच्छ दिवस यांची हवा सारखी नसते. पावसाने धुतलेले दिवस गळाले की वर्षाची सरासरी वर चढते. शेजारून ओढलं तर शंभर किलोमीटरचा ढग शंभर किलोमीटरच्या अफवेने भरला जातो.

मधला मार्ग: आधी फक्त एओडीसाठी एक छोटं मॉडेल बांधा. त्याला मेरा-२ किंवा कॅम्स या वातावरणाच्या गणिती मॉडेलांची एओडी द्या, जी ढगाखालीही असते पण भरड असते, आणि सोबत हवामान, उंची, महिना द्या. ते खऱ्या एओडीवर शिकेल आणि रिकाम्या जागा भरेल. भरलेल्या प्रत्येक आकड्यापुढे खूण करा: खरा की भरलेला. ही खूण शेवटच्या नकाशापर्यंत न्या.

तपासा: चांगल्या दिवसांवर ढगाच्या आकाराची मोठी भोकं मुद्दाम पाडा आणि भरून पाहा. सुटे चौकोन लपवून केलेली तपासणी फसवी असते, कारण शेजारचा चौकोन उत्तर सांगून टाकतो.

जुलै-ऑगस्टसाठी माझं मत स्पष्ट आहे. त्या दोन महिन्यांचे बारीक नकाशे काढूच नका. जिल्ह्याची सरासरी द्या आणि थांबा.

## टप्पा ६: मॉडेल

हा टप्पा सर्वांत छोटा. रँडम फॉरेस्ट किंवा लाइटजीबीएम, काहीही घ्या. फरक दोन-चार टक्क्यांचा पडतो, आधीच्या टप्प्यांतल्या चुका त्याहून मोठ्या असतात.

लॉगरिदम घेऊन शिकवत असाल तर परत उलटवताना सरासरी खाली घसरते, ती दुरुस्ती करा. अक्षांश-रेखांश थेट घालू नका. वर्षाचा दिवस घालायचा तर साइन-कोसाइन रूपात, नाहीतर ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी एकमेकांपासून ३६४ दिवस लांब आहेत असं मॉडेल समजतं.

ही दोन्ही मॉडेलं ‘झाडांवर’, म्हणजे हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांवर, आधारलेली आहेत. त्यांना शिकताना पाहिलेल्या कमाल आकड्यापलीकडे सहसा जाता येत नाही. ऐन तोडणीच्या मोसमातल्या वाईट रात्री ती हमखास कमी दाखवतील. दोष कोडचा नाही, पण वाचकाला ते माहीत असायला हवं.

## टप्पा ७: उलटतपासणी

लेखाचा अर्धा भार या टप्प्यावर आहे.

नेहमीची रीत अशी: सगळ्या ओळी पिसायच्या, ८० टक्के शिकायला, २० टक्के परीक्षेला. मग आर-वर्ग (अंदाज प्रत्यक्षाशी किती जुळतो याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९च्या आसपास येतो आणि पेढे वाटले जातात. पण पिसल्यामुळे त्याच स्टेशनचा सोमवार आणि बुधवार शिकण्यात असतो आणि मंगळवार परीक्षेत. मॉडेलला हवा समजण्याची गरजच उरत नाही, शेजारच्या दिवसावरून उत्तर निघतं. तुम्हाला मात्र अंदाज हवा आहे तो अंबडजवळच्या त्या गावाचा, जिथे कधीच स्टेशन नव्हतं. परीक्षाही तशीच हवी.

क्रमाने तीन परीक्षा घ्या.

पहिली, शहर बाहेर ठेवून. एक संपूर्ण शहर वगळा, बाकीच्यांवर शिकवा, वगळलेल्याचा अंदाज काढा. नुसतं स्टेशन वगळून भागत नाही. छत्रपती संभाजीनगरात वाळूजचं स्टेशन वगळलं आणि शहरातलं दुसरं आत ठेवलं तर चिठ्ठी पोचतेच.

दुसरी, वर्ष बाहेर ठेवून. एक पूर्ण वर्ष वगळा. कोरड्या आणि ओल्या वर्षांची हवा वेगळी असते, ते इथे उघड होतं.

तिसरी, बाळबोध प्रतिस्पर्ध्याशी. सर्वांत जवळच्या स्टेशनचा त्या दिवसाचा आकडा जसाच्या तसा उचलला, किंवा त्या महिन्याची सरासरी दिली, तर चूक किती येते? तुमचं मॉडेल त्याहून बरं नसेल तर सात कोटी ओळींचा खटाटोप फुकट. सोबत एओडीचा रकाना काढून मॉडेल पुन्हा चालवा. निकाल तसाच राहिला तर उपग्रह नावापुरता होता. हवामान आणि महिना यांवरच गाडी चालली होती. मराठवाड्यात हे घडतं, आणि घडलं तर तसं लिहा.

पहिल्या परीक्षेत आर-वर्ग धाडकन खाली येतो. घाबरू नका, तोच खरा आकडा. त्याच्यासोबत सरासरी चूक मायक्रोग्रॅममध्ये आणि कल, म्हणजे अंदाज एकंदर वर की खाली, हेही द्या. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा वेगवेगळे द्या. पावसाळ्यात आकडे मुळातच लहान असतात, त्यामुळे चूक लहान दिसते आणि वर्षभराच्या सरासरीत ती हिवाळ्याची लाज झाकते.

आता टप्पा ४ मधली उधारी. समजा तुमच्याकडे वीस स्टेशनं आहेत आणि तुम्ही उंची, रस्ते, लोकसंख्या, दिवे असे आठ स्थिर थर घातले. दर स्टेशनसाठी हे आठ आकडे कधीच बदलत नाहीत, म्हणजे ते मिळून त्या स्टेशनचा आधार क्रमांकच होतात. ‘उंची ५६८, रस्ते इतके, दिवे इतके, म्हणजे हे अमुक स्टेशन आणि इथे सरासरी इतकी’ असं मॉडेल पाठ करतं. नवीन जागी गेलं की पाठांतर कोसळतं. म्हणून स्थिर थर दोन-तीनच ठेवा आणि प्रत्येकाने शहर-बाहेर परीक्षेत खरंच फायदा दिला का ते पाहा. मी स्वतः बांधीव क्षेत्र आणि उंची यांवर थांबतो.

सावधान: मॉडेलमधल्या झाडांची संख्या, खोली वगैरे जुळवणीही वगळलेल्या शहराला हात न लावता करा. परीक्षेच्या पेपरावर सराव करून मिळालेले गुण धरत नाहीत.

## टप्पा ८: नकाशा काढताना

एरा५चे चौकोन मोठे आहेत. ते तसेच घातले तर नकाशावर ३० किलोमीटरच्या फरशा दिसतात. हवामानाचे थर आधी मऊसर करून १ किलोमीटरवर आणा. फरशा गेल्या म्हणून माहिती बारीक झाली असं मात्र नाही.

आकडे ४७.३२ असे छापू नका. सरासरी चूक दहा-पंधरा मायक्रोग्रॅमची असताना दशांश हा निव्वळ दिखावा आहे. पाचच्या पटीत गोल करा. रंगांच्या पायऱ्या भारतीय मानकांना धरून ठेवा: वर्षाला ४० आणि २४ तासांना ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली पातळी वर्षाला ५ आणि दिवसाला १५ आहे. तिचीही रेघ दाखवा.

पीएम २.५वरून ‘एक्यूआय’, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, छापायचा मोह टाळा. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकाला किमान तीन प्रदूषकं लागतात, त्यांतलं एक पीएम २.५ किंवा पीएम १०.

मग सर्वांत महत्त्वाचं काम: जिथे मॉडेल अंधारात चाचपडतंय तिथे नकाशावर तिरप्या रेघा ओढा. प्रत्येक चौकोनाच्या घटकांची शिकवलेल्या नोंदींशी तुलना करा. जिथे जवळपास जुळणारी नोंदच नाही तो चौकोन रेघांखाली. पहिल्यांदा केलं तेव्हा माझा हिंगोली आणि किनवटकडचा बराच भाग रेघांनी भरला. शहरी स्टेशनांवर शिकलेल्या मॉडेलला माळरान आणि जंगल कुठून कळणार? ‘मराठवाड्यातलं सर्वांत प्रदूषित गाव कोणतं?’ असा फोन नकाशा निघाला की येतोच. या पद्धतीने गावांची क्रमवारी लावता येत नाही, हे उत्तर आधीच तयार ठेवा.

## टप्पा ९: गावात जाऊन पडताळा

नुसत्या नकाशावर विसंबणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. रेघांच्या भागात दोन-तीन स्वस्त सेन्सर लावा, पण आधी ते संदर्भ स्टेशनशेजारी किमान दोन-तीन आठवडे ठेवून त्यांची दुरुस्ती काढा, एकदा हिवाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. आर्द्रता ८० टक्क्यांपुढे गेली की हे सेन्सर फुगलेले कण मोजून आकडा चढवतात. सेन्सर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या बराच वर, चूल-बंब आणि कचरा जाळायच्या जागेपासून दूर लावा. एका गावात आमचा सेन्सर शालेय पोषण आहाराच्या खिडकीलगत लागला होता. रोज अकराच्या सुमाराला शिखर यायचं आणि आम्ही आठवडाभर वाऱ्याची दिशा तपासत बसलो.

नवीन सरकारी स्टेशन सुरू झालं तर त्याचा डेटा लगेच मॉडेलला शिकवू नका. आधी त्या चौकोनाचा तुमचा जुना अंदाज तारखेसकट गोठवून ठेवा, एक हिवाळा जाऊ द्या, मग दोन्ही रेघा एकाच कागदावर काढा. नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत तो आलेख पहिल्या पानावर छापा.